कुलूप उघडलं की पाठ फिरवायची

महाडच्या बाजारपेठेत माझं दुकान आहे, असं मी सांगतो. बघणारे त्याला टपरी म्हणतात. एका अंगाला औषधांचं दुकान, दुसऱ्या अंगाला कापडाचं, आणि मधल्या बोळकांडीत मी, एक स्टूल, किल्ली आवळून धरायचा शिकंजा आणि खिळ्यांवर लटकणाऱ्या कोऱ्या किल्ल्या. मी थोडा जाड झाल्यापासून गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं. आत दोघं मावत नाहीत.

कुलपं दुरुस्त करणं, किल्ल्या बनवणं, अडकलेली लोखंडी कपाटं आणि तिजोऱ्या उघडणं हा माझा धंदा. वडील हेच करत. माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या भावकीत सांगितलं होतं, "जावई सुरक्षेच्या क्षेत्रात आहेत." सगळ्यांना वाटलं पोलिसात. लग्नात एक मामा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कुठल्या ठाण्याला?" मी म्हणालो, "बाजारपेठेत, औषधांच्या दुकानाशेजारी." तेव्हापासून ते मामा माझ्याशी जपून बोलतात.

या धंद्यात हत्यारं चार आणि नियम एक. वडिलांनी मला कानस हातात देण्याआधी नियम दिला होता. कुलूप आपलं, दार त्यांचं. आतला खटका पडल्याचा आवाज आला की हत्यार खाली ठेवायचं, उठायचं, कपाटाकडे पाठ करायची, तीन पावलं लांब जायचं आणि म्हणायचं, "बघा." मुठीला हात लावायचा नाही. कपाटात काय आहे ते ज्याचं त्याने बघायचं.

त्यामुळे आज वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माझी परिस्थिती अशी आहे की महाडातली निम्मी कपाटं मी उघडली आणि एक पावसाळा सोडला तर एकाच्याही आत पाहिलं नाही. मला माहीत आहेत त्या कपाटांसमोरच्या भिंती. कुणाकडे दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर आहे, कुणाच्या लग्नाच्या फोटोत नवरा झोपलाय, कुणाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मागून आवाज येतात. कुणी हसतं, कुणी नाक ओढतं. बहुतेक वेळा काहीच येत नाही. मग मी भिंतीला विचारतो, "झालं का?" आणि पाठीमागून कुणीतरी म्हणतं, "हं."

एकटेपणाचा धंदा आहे, पण त्याची सवय होते. शिवाय घरी गेल्यावर बोलायला आमची ही होती. तेव्हा होती.

महाडच्या माणसाला पुराचं कुणी काही शिकवू नये, अशी आमची समजूत होती. सावित्री चढायला लागली की प्रत्येक घराला आपापली रेघ पाठ. कुणाकडे पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, कुणाकडे खिडकीपर्यंत. माझ्या टपरीत ते स्टुलाच्या बैठकीला लागतं. त्याच्यावर वीतभर सोडून सामान ठेवलं की आपण मोकळे. काही वर्षांपूर्वी मोठा पूर आला त्या जुलैत औषधांच्या दुकानवाल्याने मला विचारलं, "खोकी वर माळ्यावर टाकू का हो?" तीस वर्षांच्या अनुभवाने मी म्हणालो, "कशाला दम काढता? तिसऱ्या फळीवर ठेवा. पाणी तिथवर येत नाही."

पाणी त्याच्या फळीवरून, माझ्या फळीवरून आणि दोघांच्या पाट्यांवरून गेलं. ज्यांना पुराचं काहीच कळत नव्हतं, नुकतेच राहायला आले होते, ते घाबरून सगळं वर घेऊन बसले आणि वाचले. आम्ही जाणकार बुडालो. तो दुकानवाला दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण आभाळ भरून आलं की माझं मत विचारत नाही.

पाणी ओसरल्यावर आठवडाभर सगळं गाव फक्त चिखल उपसत होतं. चिखल संपत आला तशी कपाटं दिसायला लागली. न उघडणारी.

बाहेरच्या माणसाला वाटतं कुलूप गंजलं म्हणून कपाट उघडत नाही. तसं नसतं. लोखंडी कपाटाची मूठ फिरवली की आतले दोन दांडे हलतात, एक वर एक खाली, आणि दार सुटतं. पुरात त्या दांड्यांच्या वाटेत गाळ बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. दुसरं म्हणजे, आतले कपडे, गोधड्या, वह्या पाणी पिऊन फुगतात आणि आतून दाराला रेटा देतात. म्हणजे कपाट बाहेरून बंद असतं तेवढंच आतूनही बंद असतं. किल्ली फिरली तरी दार हलत नाही.

तिथे माझा नियम मोडला. पहिल्याच घरी खटका पडला, मी पाठ फिरवली, "बघा" म्हणालो, आणि मागून बाई म्हणाल्या, "काय बघू? दार कुठे उघडतंय?" मग पहार घालून दार मलाच काढावं लागलं. सवयीने मी डोळे मिटून घेतले. "अहो, डोळे उघडा!" त्या ओरडल्या, "माझा पाय जाईल!"

अशी मी त्या पावसाळ्यात माणसांची कपाटं पहिल्यांदा आतून पाहिली. एक काका, साखरेच्या आजाराने सगळ्या गावात प्रसिद्ध. कुणाच्या मुंजीत जिलबी पुढे आली की हात जोडून मागे सरायचे. त्यांच्या कपाटातून पेढ्यांचे चार डबे निघाले, चिखल होऊन. काकू डब्यांकडे बघत राहिल्या, काका माझ्याकडे. मी सवयीने भिंतीकडे बघायला गेलो, पण भिंतीवर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळी कॅलेंडरं वाहून गेली होती.

आमची ही त्याच दिवसांत पुण्याला गेली. मुलीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीतही भिंती ओलीने फुगल्या होत्या. "तुम्हीही चला," ती म्हणाली. मी म्हणालो, "एवढी कामं पडलीयत." ते खरं होतं. आयुष्यात एवढी बोलावणी मला कधी आली नव्हती. घरोघर जात होतो, आणि एकाही घरात चहा घ्यावा अशी स्थिती नव्हती, कारण कप कुणाकडेच नव्हते. संध्याकाळी खोलीवर यायचं, भात टाकायचा, आणि दिवसभरात काय काय पाहिलं ते कुकरला सांगायचं. कुकर निदान शिटी तरी देतो.

गणपती आठ-दहा दिवसांवर आले होते तेव्हा पोलादपूरकडून एका बाईंचा फोन आला. आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या दिवशी महाडात पाणी शिरलं त्याच दिवशी त्या वाडीच्या डोक्यावरचा वहाळ, म्हणजे एरवी गुरं ओलांडतील एवढा ओढा, दगडमाती घेऊन खाली आला होता. घरं पडली होती. सगळी वाडी खालच्या शाळेत राहत होती.

"मिस्त्री, तुमी कपाट उगडताव ना?" फोनवरच्या बाई म्हणाल्या. "मी पारू. आमच्या काशिरामचं कपाट मातीतून काढलंय. पहारीनं पाच मिंटात उगडलं आसतं, पन ह्यो हातच लावू देत नाय. बोलतो चावी बनवा. सोमवारी घरांची यादी तालुक्याला जातेय, आनि ह्याचे कागद आतमंदी हायत."

शनिवारी मी एस.टी.ने पोलादपूर गाठलं, पुढे जीपने घाटात जिथवर रस्ता शिल्लक होता तिथवर, आणि मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चढण. मी चढणीला लायक नाही हे माझ्या गुडघ्यांनी वाटेत तीनदा कळवलं.

शाळेच्या व्हरांड्यात ते कपाट उभं होतं. एका अंगाने चेपलेलं, रंग खरवडलेला, पण दारं शाबूत. वाडीतल्या माणसांनी दोन शेतं खालून ते उकरून काढलं होतं आणि बांबूला बांधून वर आणलं होतं. त्यातल्या कुणाचंच स्वतःचं घर उभं नव्हतं.

काशिराम कपाटाशेजारी भिंतीला टेकून बसला होता. माझ्याच वयाचा, सडपातळ. दादरला कापडाच्या दुकानाच्या गोदामात कामाला. वर्षातून दोनदा घरी यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. बायको सुनंदा वाडीत एकटीच, मूलबाळ नाही. त्या दिवशी वहाळाचा आवाज आला तशी ती सगळ्यांबरोबर निघाली होती, पण गोठ्यातली गाय सोडायला परत वळली. गाय वाचली. सुनंदा तिसऱ्या दिवशी खाली सापडली. कपाटाची चावी तिच्या कमरेला असायची, ती नाही सापडली. काशिराम मुंबईहून आला तो घाट बंद म्हणून चालत, आणि सगळं उरकल्यावर पोचला. हे सगळं मला पारूवयनींनी सांगितलं, त्याच्यादेखत. तो ऐकत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

पारूवयनी मोठ्या वयाच्या, कासोटा घातलेल्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. काशिरामच्या शेजारीण. त्यांनीच मला यादीचं सांगितलं. सरकार नवी घरं बांधून देणार होतं, पण वाडीत राहणाऱ्यांना. काशिरामचं नाव मतदारयादीत मुंबईला, आधार मुंबईचं. ग्रामसेवक भला माणूस होता. म्हणाला, "घरपट्टीची पावती नाहीतर रेशनकार्ड, काहीतरी दाखवा. मी काय करू? कागदावर तुम्ही मुंबईचे." पंचायतीची जुनी पुस्तकं भिजून लगदा झाली होती. जे काही कागद असतील ते सुनंदाने ठेवलेले, या कपाटात.

"आत काय काय आहे?" मी काशिरामला विचारलं. कपाटात काचेचं काही असेल तर ठोकताना जपावं लागतं.

"मला ठावं नाय."

"तुमचंच ना कपाट?"

"आनलं मी. पन ते तिचं. मी कदी उगडलं नाय." थोड्या वेळाने म्हणाला, "काय लागलं तर तीच काडून द्यायची."

मी कामाला लागलो. आधी कुलपाच्या भोकातून पिचकारीने पाणी मारून गाळ काढायचा, मग रॉकेल सोडायचं आणि थांबायचं. मग कोरी किल्ली मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काळी करायची, आत घालून हलकेच फिरवायची आणि बाहेर काढून बघायचं. आतले पत्ते, म्हणजे पातळ पितळी पट्ट्या, जिथे अडतात तिथे काजळी पुसली जाते. तेवढंच कानसायचं. पुन्हा काजळी, पुन्हा आत. या कामात घाई चालत नाही. कानशीचा एक हात जास्त गेला की किल्ली फुकट.

वाडी माझ्याभोवती आपापलं काम करत होती. एकच चूल, सगळ्यांचं जेवण तिच्यावर. मदतीच्या गाड्यांतून आलेलं सामान एका वर्गात रचलेलं. "तुमाला दातांचा बरश देऊ काय, मिस्त्री?" पारूवयनींनी विचारलं. "मानशी सात आलेत. वाडीत तेवडे दात नायत." एक म्हातारा लोकरी कानटोपी घालून ऑगस्टच्या घामात बसला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "कुनीतरी एवड्या लांबून दिलीय. वाईट दिसतं."

काशिराम मात्र हलला नाही. माझी कानस चालायची, तो तिच्याकडे बघायचा. दुपार कलताना म्हणाला, "मिस्त्री, चावी झाली का कपाट उगडंल ना?"

"उघडेल."

"मंग जरा हळू करा."

चुलीपाशी बसलेल्या पारूवयनींनी ते ऐकलं. "हळू? परवा यादी जाते रे! तुला घर नको हाय काय?"

"घर हवंय वयनी."

"मंग?"

"कपाट उगडाया नकोय."

"ऐका!" त्या मला म्हणाल्या. "मी बोलते ह्याला, तू गेलास मुंबैला कायमचा, तर नव्या वाडीत माझ्या बाजूला जागा मोकळी ऱ्हायल. दात पडल्यावानी दिसंल. आनि भांडायचं कुनाशी मी? सुनंदा तर गेली." आणि पदर तोंडाला लावून पातेल्यातला भात उगीचच ढवळत बसल्या.

शनिवारी किल्ली झाली नाही. रविवारी जेवणाच्या सुमाराला सातव्यांदा काजळी धरली, आणि किल्ली फिरली. खटका पडला. दांड्यांच्या वाटा मी आधीच मोकळ्या केल्या होत्या. लाकडी हातोडीने दाराच्या कडांवर हलकेच ठोकलं, पहारीचं टोक घालून दार बोटभर सोडवलं. आता ओढलं की उघडेल. हत्यार खाली ठेवलं, उठलो, पाठ फिरवली, तीन पावलं पुढे गेलो. समोर शाळेच्या भिंतीवर पाढे रंगवलेले होते. म्हणालो, "बघा."

बाराचा पाढा संपला. तेराचा संपला. मागून आवाज नाही. चौदाचा मला लहानपणीही येत नव्हता, तो नीट वाचून काढला. तरी आवाज नाही. शेवटी मान वळवून पाहिलं, तर काशिराम माझ्याशेजारी उभा. कपाटाकडे पाठ, तोंड पाढ्यांकडे.

"अवो," पारूवयनी ओरडल्या, "दोगं काय पाडे पाठ करताव?"

"मिस्त्री," काशिराम भिंतीकडे बघतच म्हणाला, "तुमीच बगा. आनि मला सांगा."

"वयनी बघतील," मी म्हणालो.

"मी नाय बगायची," वयनी म्हणाल्या. "तिचं कपाट. ती जित्ती व्हती तवा तिनं मला कदी दावलं नाय. आता गपचूप कशी बगू?"

नियम त्या बाईंनाही होता. मी परका होतो, म्हणून माझ्यावर आलं.

दार ओढलं. ओल्या मातीचा भपकारा आला. मी खरं सांगतो, मला साड्या अपेक्षित होत्या. बायकांच्या कपाटात साड्या असतात एवढं तर पाठ फिरवूनही कळतं.

"सांगा," काशिराम म्हणाला.

"वरच्या खणात शर्ट आहेत. पुरुषाचे. घड्या घालून. कॉलर विरलेल्या."

"माजे आसतील. मी टाकून जायचो. फाटले बोलून."

"एक गोदामाची टोपी. बिल्ला लावलेली."

"ती तर कदीची."

"चष्मा. एक काच फुटलेली. दाढीचा ब्रश. एक मोबाईल, बटणांचा, मागचं झाकण नाही. मिठाईचे रिकामे खोके, एकात एक घातलेले."

"गनपतीला आनायचो."

"शाळेचं प्रगतिपुस्तक." मी ते हलक्या हाताने उघडलं. "काशिराम. इयत्ता सातवी. नापास."

पलीकडे कानटोपीवाला म्हातारा हसला. काशिरामही हसला असावा. मला त्याची पाठ दिसत होती, ती हलली. "ते मी चुलीत टाकलं व्हतं," तो म्हणाला. "म्हंजी टाक बोललो व्हतो तिला."

मधल्या खणात त्याच्या पँटी, दोन स्वेटर, झिजलेल्या चपलांचा जोड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. खालच्या खणात गाळ भरला होता. त्यात हात घातला तर लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी लागली, झाकण घट्ट. उजेडात धरली तर आत कागद. कोरडे. सुनंदाने एवढ्या डोंगरातल्या गळक्या पावसाळ्यांत जे शिकून ठेवलं होतं ते महाडच्या कुणाही जाणकाराला सुचलं नव्हतं. रेशनकार्ड, दोघांच्या नावाचं. घरपट्टीच्या पावत्या, वर्षावार, सुतळीने बांधलेल्या.

पारूवयनींनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि पोटाशी धरली. "मिळालं घर," म्हणाल्या. "काशिराम, मिळालं रे घर तुला!"

काशिराम वळला नाही. "मिस्त्री, तिचं काय हाय?"

"बघतोय," मी म्हणालो.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी बघत होतो. गाळात पुन्हा हात घातला, कोपरे चाचपले, आतला छोटा कप्पा ओढला. त्यात एस.टी.ची जुनी तिकिटं होती, मुंबई ते पोलादपूर, त्याचीच. आमच्या नातेवाइकांत मी बडबड्या म्हणून ओळखला जातो. बारशापासून बाराव्यापर्यंत माझं तोंड बंद नसतं. तिथे मी नुसती तिकिटं जुळवून परत कप्प्यात ठेवली.

"नाही काही," मी म्हणालो. "सगळं तुमचंच आहे."

काशिरामने भिंतीवरच्या पाढ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लुगडी कुटं ठेवायची मंग ती?"

"दांडीवर रे," पारूवयनी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मागल्या पडवीत. आनि नवी ती पत्र्याच्या पेटीत, पडवीतच."

मागची पडवी सगळ्यात आधी गेली होती.

सोमवारी सकाळी ग्रामसेवकांनी पावत्या हातात घेतल्या, एक नाकाशी नेली आणि शिंकले. आंब्याच्या लोणच्याचा वास होता. "हे अस्सलच," म्हणाले आणि नाव लिहून घेतलं. तशी यादी तालुक्याला गेली.

मी महाडला परत आलो. आमच्या खोलीतल्या कपाटाचा डावा कप्पा हिचा. त्याची किल्ली पुण्याला, हिच्या पर्समध्ये. माझ्यासारख्याला ते कुलूप म्हणजे दोन मिनिटांचं काम. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो आणि हिला फोन लावला. "डाव्या कप्प्यात काय ठेवलंयस गं?"

"का? चोरीबिरी झाली?"

"नाही. सहज."

"आता कामात आहे मी, बाळ रडतंय. आल्यावर बघू."

बाळाचं रडणं थांबलं, बाळ चालायला लागलं, शाळेत जायला लागलं. मुलगी नोकरी करते, तिला आईवाचून जमत नाही. ही येते, चार दिवस राहते, घर झाडते, मला बोलते आणि जाते. कप्प्याचं विचारायचं दर वेळी राहून जातं. त्या पुरातली कामंही हळूहळू संपली. लोकांनी लाकडी, भिंतीत बसवलेली कपाटं केली, वरच्या मजल्यावर. आता दिवसाला दोन किल्ल्या झाल्या तर बरं असतं.

यंदा पावसाळ्याच्या आधी काशिरामचा फोन आला. "मिस्त्री, कपाट लागत नाय. येताव काय?"

नवी वाडी वरच्या माळावर आहे. सगळी घरं एका मापाची, एका रंगाची. आकडे टाकलेत, पण आकड्याने कुणी कुणाला ओळखत नाही. घरं कशी वाटायची यावरून वाडीने पुष्कळ भांडून शेवटी जुनाच क्रम मिळवला होता. जो ज्याच्या शेजारी होता तो तिथेच. पारूवयनींचं घर आधी, मग काशिरामचं. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. "आले काय कुलूपवाले! बरश हवाय काय? अजून हायत."

काशिरामने मुंबई सोडली होती. थोडी नाचणी, थोडा भात, ती वाचलेली गाय. घरात भांडी मोजकी, कपडे दोरीवर. भिंतीला ते कपाट, चेपलेली बाजू ठोकून सरळ केलेली. मी किल्ली घालून फिरवली. फिरली. पुन्हा फिरवली. कुलूप ठणठणीत होतं.

"याला काही झालं नाहीय," मी म्हणालो.

"ठावं हाय," काशिराम म्हणाला. "च्या घ्या."

चहा कोरा होता, गूळ घातलेला. पाट दोन होते, एकावर तो बसला, एकावर मी. बाहेर पारूवयनी कुणावर तरी ओरडत होत्या. बराच वेळ आम्ही दोघं नुसते बसलो. मला त्या बसण्याचं काही वाटलं नाही. खोलीवर मी एकटा असाच बसतो.

"मी आता रोज काडून बगतो," त्याने कपाटाकडे हनुवटी केली. "सगळं भायेर काडतो, पुसतो, परत लावतो. पाठ झालंय. पन तुमी त्या दिशी सांगितलंत ना, एक एक करून, ते बरं वाटलं व्हतं. परत सांगा ना."

"आता? तुम्हाला तर सगळं माहितीय."

"तरी सांगा."

मी सांगायला लागलो. वरच्या खणातले शर्ट, बिल्ला लावलेली टोपी, फुटक्या काचेचा चष्मा. मिठाईचे खोके. सातवी नापासला तो पुन्हा हसला. पँटी, स्वेटर, चपला. बरणी. तिकिटं. संपलं. तो माझ्याकडे बघत होता, त्या दिवशी पाठ करून उभा होता ती पाठही अशीच वाट बघत असणार. माझ्या धंद्यात खोटं बोलायची सोयच नसते. कुलूप उघडतं नाहीतर उघडत नाही. पण माझं तोंड माझ्याआधी बोललं.

"आणि मागे, कोपऱ्यात, एक कंगवा होता," मी म्हणालो. "लाल."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. ज्या माणसाला ते कपाट पाठ होतं त्याला मी हे सांगत होतो. काशिरामने कप खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं.

"मोट्या दात्यांचा," त्याने विचारलं, "का बारीक?"

"मोठ्या."

"हां," तो म्हणाला. "बरोबर हाय. लय दाट केस व्हते तिचे." मग पाट थोडा माझ्याजवळ सरकवून बसला. "आनि? आनि काय व्हतं?"